पांढरीचे सगळे डॉक्टर

गाड्यांच्या वायरिंगचं काम करणाऱ्याकडे किस्से आपोआप साचतात. बंद पडलेली गाडी कधी एकटी येत नाही. चार माणसं ढकलत आणतात, आणि ढकलणारा प्रत्येक जण डॉक्टर! "कॉइल गेली असंन", "बॅटरी पाहा", "मी तर म्हणतो विकूनच टाका." चामोर्शीच्या माझ्या टिनाच्या शेडमध्ये हे वर्षानुवर्षं ऐकतोय. पण मडावीबाईंच्या पांढरीला जेवढे डॉक्टर भेटले, तेवढे कुणालाच नाही.

मडावीबाई म्हणजे जंगलातल्या एका गावच्या रिटायर्ड नर्स, वय बहात्तर. पांढरी म्हणजे त्यांची जुनी पेट्रोल गाडी. नाल्यापलीकडच्या त्या गावातली ती एकमेव चारचाकी, त्यामुळे दवाखान्यात जाणारी प्रत्येक गरोदर बाई तिच्यातूनच जायची. त्यात गाडीचं आरटीओ पासिंग जवळ आलेलं. तिथे बंद पडली तर सरळ भंगार! आणि शेजारच्या सुनेची तारीख त्याच्या पुढच्याच महिन्यात.

*

"भाऊ, सकाळी सुरूच होत नाई. सेल्फ मारून मारून हात दुखला. नऊ वाजले का आपोआप होते."

मी चावी फिरवली. एका झटक्यात सुरू! पुन्हा फिरवली, पुन्हा सुरू. वीसदा केलं.

"बाई, बंद पाडून दाखवा ना!"

"तुमच्या दारात नाई पडत. परक्याच्या घरी नीट वागते ते."

मी पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, प्लग सगळं बदललं. वायरींवर लाल धुळीचा थर होता, पण त्या नव्या दिसल्या म्हणून हात लावला नाही. आठ दिवसांनी बाई परत हजर. शेजारचे पंक्चरवाले दिनकरभाऊ म्हणाले, "नजर लागली, लिंबू बांधा."

"बांधलं होतं. लिंबू वाळून गेलं, गाडी तशीच!"

*

बाईंचा मुलगा विलास घुग्घुसला खाणीत आहे. सुट्टीवर आला आणि माझ्या शेडमध्येच आईशी भांडायला लागला.

"आई, विकून टाक हे डबडं! रोज सकाळी नाटक करते."

बाई शांतपणे म्हणाल्या, "तू बी सकाळी एका हाकेत उठत नोहता. विकलं का तुले मी?"

*

तरी विलास गाडी चंद्रपूरच्या एका मोठ्या गॅरेजमध्ये घेऊन गेला. एसी ऑफिस, लॅपटॉप, स्वच्छ कपड्यांतला इंजिनियर. त्याने वायर हातात घेऊन गाडीभोवती दोन चकरा मारल्या. एवढ्या जुन्या गाडीत लॅपटॉप जोडायला जागाच नव्हती!

"मॅडम, याच्यात फॉल्ट दाखवत नाही. भंगारात द्या."

"एवढी नोकरी केली मी," बाई म्हणाल्या. "मले नाडी सापडली नाई म्हणून पेशंट मेला, असं कधी लिहिलं नाई!"

हे मला कळलं तेव्हा त्या इंजिनियरपेक्षा मला माझाच राग आला. फॉल्ट मलाही सापडला नव्हता. दिनकरभाऊ म्हणाले, "सोड न बे, म्हातारी गाडी हाय." मी म्हटलं, "सोडत नसतो!" पेशंट माझ्याकडे येऊन बरा होतो ना, मग मीच त्याच्या घरी जातो.

*

भल्या सकाळी त्यांच्या गावी पोहोचलो. गाडी अंगणात उभी, आणि बॉनेटभर मोहफुलं वाळत घातलेली! हाताने सगळी टोपलीत लोटत बाई म्हणाल्या, "आता पाहा."

चावी फिरवली. इंजिन नुसतं घरघरलं, पेटलं नाही.

मी बॉनेट उघडलं, अंधार करायला डोक्यावरून घोंगडी घेतली आणि आत वाकलो. "मारा बाई!" म्हटलं. तर काय! प्लगकडे जाणारा करंट वायरीवरूनच निळा तडतडत बाहेर पळत होता. फुलांचा गोड रस बॉनेटच्या फटीतून अख्खा हंगाम त्या वायरींवर गळलेला. त्यावर धूळ. पहाटेच्या दवाने तो चिकटा ओला व्हायचा आणि उन्हाने वाळला की गाडी शहाणी! शेडमध्ये ती धूळ पुसली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. कंटाळा माझा, शिव्या गाडीला!

तेवढ्यात विलास बाहेर आला. घोंगडीतून फक्त माझे पाय दिसत होते. "आई, हे काय चालू हाय?"

"काही नाई. गाडीले सर्दी झाली, भाऊ वाफ देऊन राह्यले."

*

मी नव्या वायरी टाकल्या, सगळं पुसून काढलं आणि हात जोडले. "बाई, आता फुलं दुसरीकडे वाळवा."

"कुठी वाळवू? खाली घातली का बकऱ्या खातात. बकऱ्या तुमच्या शेडात बांधू का?"

शेवटी मीच बॉनेटच्या फटीला रबराची पट्टी चिकटवली. फुलं जिथल्या तिथे!

*

पासिंगच्या दिवशी मी मुद्दाम सोबत गेलो. आरटीओचे साहेब तरुण होते. त्यांनी बॉनेट उघडलं आणि नाक वर केलं. आमचा जिल्हा दारूबंदीचा, आणि इथली चोरटी दारू मोहाचीच!

"बाई, ही पेट्रोलवरच चालते ना?"

"हाव साहेब. पिते पेट्रोल, वास मोहाचा."

साहेबांनी गाडी तीनदा बंद करून तीनदा सुरू करायला लावली. पांढरी तिन्ही वेळा एका झटक्यात उठली. ब्रेक, लाइट, हॉर्न, सगळं पाहून साहेबांनी सही केली. मग कागद हातात धरून बाईंच्या पांढऱ्या केसांकडे बघत राहिले.

"पाच वर्षांचं पासिंग दिलं आहे. पण बाई, तुमचं वय बघता पाच वर्षांनी ही गाडी इथे घेऊन कोण येणार?"

बाईंनी कागद घेतला, नीट घडी करून पर्समध्ये ठेवला, गाडीत बसून चावी फिरवली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"मी येईन न साहेब! तुमी राहान का इथी?"