सवाष्णीचं ताट

पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा सासूबाईंनी घरात सगळ्यांना बजावून ठेवलं, कुणी विचारलं तर पित्ताचे खडे काढले म्हणून सांगायचं.

"खाऊन खाऊन फुगली आन वर पोट कापून घेतलं, असं म्हणत्याल लोकं," त्या म्हणाल्या.

मालक फौजेतून पेन्शनीत आलेले. त्यांच्या कार्डावर सांगलीच्या दवाखान्यात सगळं झालं. त्यांनी सासूबाईंचं ऐकलं. मीही ऐकलं. मला चार माणसांत तोंड उघडायची सवय नाही. जे सांगता येत नाही ते असं लिहून काढते, एवढंच.

ऑपरेशन मी हौसेनं केलं नव्हतं. माझ्या आईला साखर होती. आधी तिचा अंगठा काढला, मग पाऊल, मग गुडघ्याखाली पाय. पलूसच्या घरात सोप्यातल्या खाटेवर ती शेवटपर्यंत पडून होती आणि नसलेल्या पायाला खाज सुटते म्हणून रडायची. तेच दुखणं माझ्या अंगात आलं. वजनामुळं सुई घेऊनही साखर उतरेना. एकदा शेतातल्या भांगलणीहून घरी आले तर सासूबाई म्हणाल्या, पायातनं रगात येतंय. तळव्यात बाभळीचा काटा मोडला होता आणि मला कळलं नव्हतं. त्या दिवशी मी डॉक्टरांना हो म्हणाले.

पोट लहान केलं, आतडं पुढं नेऊन जोडलं. आहाराच्या मॅडमनी समजावलं. आधी डाळ, मूग, नाहीतर अंडं. मग भाजी. भाकरी शेवटी, जागा राहिली तर. घास पातळ होईपर्यंत चावायचा. गोड आणि तळलेलं नाही, खाल्लं तर जीव घाबरा होईल. "घरात तुम्ही सांभाळाल हो," त्या म्हणाल्या, "सणाला पाहुण्यांकडं गेलात की सांभाळा."

पावसाळ्यात माझी सुई बंद झाली. पायाला जमिनीचा गारवा कळायला लागला. आणि गौरीच्या आधी भावजयीचा फोन आला.

"वन्सं, यंदा तुमीच बसायचं पाटावर. नवस बोललेय मी."

माझ्या माहेरी गौरी जेवतात त्या दिवशी एका सवाष्णीला पाटावर बसवून पुरणपोळीचं ताट वाढतात. ती उठेपर्यंत तिलाच गौर समजायचं. तिचं जेवण झाल्याशिवाय घरात कुणी जेवत नाही. आणि तिच्या ताटात काही उरलं तर गौर उपाशी गेली, असं मानतात. भावजयीचं पोट आधी दोनदा रिकामं झालं होतं. आता पाचवा महिना लागला होता. नाही कसं म्हणायचं? मालकांना विचारलं तर म्हणाले, "जा की. थोडं थोडं खा."

वडूजहून एसटीनं माहेरी, पलूसला गेले. बरोबर डब्यात शिजवलेले मूग घेतले होते. गौरी आल्या त्या संध्याकाळी भाजी-भाकरीचा नैवेद्य होता, ते निभावलं. मग चुलीपाशी बसून डबा उघडला तर भावजयीनं बघितलं.

"हे काय वो? आमच्या घरचं चालंना व्हय आता?"

"तसं न्हाई गं. खड्याच्या ऑपरेशनपासनं जरा पथ्य हाय."

"खडं काढून लय दिस झालं की. वाळलायसा नुसत्या. माहेरी दोन दिस खावा, तब्येत सुधारंल."

भाऊ हात धुवत होता. तो हसला. "आक्का पयलं एका बैठकीला पाच पोळ्या हाणायची. आता चिमणीवानी खाती."

दुसऱ्या दिवशी मला पाटावर बसवलं. पायांवर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं. भावजय जड अंगानं वाकून पाया पडली. समोर ताट. पुरणपोळी, वर तुपाची धार, वाटीत दूध, कटाची आमटी, भाजी, भात, भजी, कुरडई. शेजारच्या दोघी-तिघी बायका उंबऱ्याशी बसल्या होत्या. मी हळूच म्हटलं, "एवढं नको गं, अर्धी पोळी काढ."

"वाढल्यालं काढत न्हाईत वन्सं. सावकाश खावा, पर ताट मोकळं करा."

मी आमटीपासून सुरुवात केली. मग भाजी. पोळीचा पहिला घास इतका वेळ चावला की एक बाई म्हणाली, "गौर लाजरी हाय यंदा." सगळ्या हसल्या. अर्ध्या पोळीलाच छाती दाटून आली. थांबायला पाहिजे होतं. तिथंच सांगून टाकायला पाहिजे होतं. पण उंबऱ्यात बायका, समोर भावजय हात जोडून उभी, आणि भाऊ म्हणतोय, "खा की आक्का, एका दिसानं काय हुतंय?" ज्या खाटेवर आई गेली ती माझ्या पाटावरून दिसत होती. हा माणूस तिला उचलून परसात न्यायचा. त्यानं तरी असं म्हणायला नको होतं, असं वाटलं. पण त्याला काय माहीत होतं? त्याला मी कुठं सांगितलं होतं?

मी खाल्लं. पोळी संपवली, दूध संपवलं. भात कालवला आणि अंगाला घाम सुटला. हातापायांतलं बळ गेलं, छातीत धडधडायला लागलं, डोळ्यांपुढं अंधारी आली. पाटावरून उठले ती भिंत धरत परसात गेले आणि मोरीच्या कडेला सगळं पडलं. हळदकुंकवाच्या कपाळानं, खाली बसून, पिवळं पुरण तोंडातून आणि नाकातून.

भावजय मागोमाग आली होती. ती तिथंच थांबली. जवळ आली नाही. पदर तोंडाला लावून मोरीकडं बघत राहिली. मग एक हात तिनं पोटावर ठेवला.

तिथं मी सांगितलं. खडे नव्हते, पोट छोटं केलंय, गोड सोसत नाही, आईसारखा पाय जाईल म्हणून केलं. सासूबाईंनी सांगू नको म्हटलं होतं तेही सांगितलं. मला वाटलं ती रागावेल, नाहीतर पाणी तरी देईल.

ती म्हणाली, "मग फोनवर बोलायचं न्हाई व्हय? मी दुसरी सवाष्ण बघितली असती."

तिचं खरं होतं.

तिनं मोरीवर पाणी ओतलं, हात धुतले आणि आत गेली. उंबऱ्याशी बसलेल्यांतल्या एकीला पाटावर बसवलं. नवं ताट वाढलं. मी सोप्यात खाटेवर आडवी झाले. आतून दुसऱ्यांदा आरती ऐकू आली. त्या बाईनं ताट लख्ख केलं असणार, कारण भावजय मोठ्यानं म्हणाली, "झाली माझी गौर तृप्त." ओटीचं खण-नारळ तिला गेलं. भावानं मला एसटीला सोडलं. वाटेत एवढंच म्हणाला, "मला तरी सांगायचं हुतंस आक्का."

पुढं दिवाळी आली. घरच्यांसाठी शंकरपाळ्या, चकल्या, चिवडा सगळं मी तळलं, मीठ चाखलंसुद्धा नाही. सासूबाई चाखून सांगायच्या. दरवर्षी पहिल्या घाण्यातली चकली मी उभ्यानंच खायचे. या वेळी डोळे मिटून मूग चावले. भाऊबीजेला भाऊ इकडं आला, ओवाळून घेतलं आणि चहा पिऊन गेला. तू चल, असं म्हणाला नाही. माझी साखर बरोबर आली होती. डॉक्टर खूश होते.

भावजयीला मुलगी झाली. दोघी सुखरूप. बारशाला आम्हाला बोलावलं. आमच्यात बाळाचं नाव आत्या ठेवते, पाळण्यात वाकून कानात सांगते. सख्खी आत्या मी एकटीच. नवी साडी नेसून पाळण्याजवळ जाऊन उभी राहिले. तेवढ्यात भावजयीच्या आईनं माझ्या चुलत बहिणीला हाताला धरून पुढं आणलं.

"ह्यास्नी ठिवू दे. वन्संची तब्येत बरी नसती," भावजय म्हणाली. माझ्याकडं न बघता म्हणाली.

तिच्यात राग दिसला नाही. भीती होती. दोनदा गेल्यावर हाती आलेलं लेकरू होतं ते. पाटावर बसलेली बाई मोरीत ओकताना तिनं बघितली होती, ते तिच्या मनातून कसं जाणार? भाऊ खाली मान घालून फेट्याचं टोक चाचपत होता. मी दोन पावलं मागं सरकले आणि बायकांत उभी राहिले. चुलत बहीण वाकली, नाव सांगितलं, मागून कुणीतरी तिच्या पाठीत बुक्का घातला आणि सगळ्या हसल्या. मला नाव ऐकू आलं नाही. शेजारणीला विचारावं लागलं.

मग घुगऱ्या वाटल्या. हरभऱ्याच्या होत्या, मला चालणाऱ्या. ओंजळीत घेतल्या आणि एकेक दाणा चावत भिंतीला टेकून बसले. पंगतीला कुणी आग्रह केला नाही.