टॅग क्वेश्चन आणि एकेचाळीस पाट

एका वर्षी चतुर्थीच्या दोन दिवस आधी पेणच्या आमच्या कारखान्यात एकेचाळीस गणपती रंगून तयार होते आणि कोणता पाट कुणाचा, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. कारण मी इंग्रजीचा अभ्यास केला होता.

मी मूळची अष्टमी गावची. दहावीला इंग्रजीत गटांगळी खाल्ली आणि लग्न होऊन पेणला आले. इथे बालवाडीत बाई हव्या होत्या, पण दहावी पास! म्हणून ऑक्टोबरचा फॉर्म भरला. सासूबाई म्हणाल्या, "शीक गो. पण गणपतीच्या कामात खोट आली, तर पुस्तक माळ्यावर जाईल."

माझं घोडं अडलं टॅग क्वेश्चनवर. होकारी वाक्याला नकारी शेपूट, नकारीला होकारी. (सरळ बोलायला त्या साहेबाचं काय जात होतं!) शंभरदा लिहिल्याशिवाय डोक्यात शिरेना आणि वही तर संपलेली. समोर गिऱ्हाइकांनी आणून ठेवलेल्या पाटांची चळत होती. आमच्याकडे ज्याचा त्याचा घराण्याचा पाट, त्याचा गणपती त्यावरच बसायचा. प्रत्येक पाटावर खडूनं नाव, तेही नेमकं मधोमध! पुसलं. म्हटलं, नाव नंतर कोपऱ्यात लिहू, आधी वाक्यं. मग दुसरा पाट. मग तिसरा. अभ्यासाला असा रंग चढला म्हणता!

नावं लिहायची तेवढी राहिली.

ह्यांनी मूर्ती बसवायला पहिला पाट उचलला. "शी कॅन सिंग, कान्ट शी? हे कुठलं गिऱ्हाईक?"

ह्यांनी दुसरा उचलला.

"यू डोन्ट ईट फिश, डू यू? अगं, बाप्पाच्या पाटावर मासे?"

"खात नाही, असंच लिहिलंय!"

"नावं कुठायत?"

"पुसली."

"सगळी?"

"धडाच मोठा होता हो!"

हे एकेक पाट उलटून बघायला लागले. आणि तेवढ्यात निडी गावचे पाटील टेम्पो घेऊन दारात! एक दिवस आधी!

"आमचा बाप्पा तयार हाय ना?"

"आहे ना! म्हणजे... आधी चहा घ्या."

एक चहा झाला, दुसरा झाला. मागोमाग जिते गावातले दोघे भाऊ आले. त्यांनी एकाच वेळी दोन वेगवेगळे पाट 'आमचाच' म्हणून धरले आणि आपसातच भांडायला लागले! मी आत तिसरं आधण ठेवलं आणि मला रडू फुटलं. पाटांचं वाईट वाटत होतंच, पण खरं सांगते, त्याहून जास्त माझ्या परीक्षेचं वाटत होतं. बालवाडी हातची गेली, असंच मनानं घेतलं. हुंदके देत सासूबाईंना सगळं सांगितलं.

"येवढंच?" म्हणत त्या बाहेर गेल्या.

"हा निडीचा, कोपरा जळकाय. तो खालचा जित्याचा, पाय नवा बसवलाय. सोडा रं दोन्ही, तुमचा तिकडं खाली हाय!"

एकेचाळीसच्या एकेचाळीस! शेवटच्या पाटावर नाव पडेपर्यंत पाटलांचा पाचवा चहा झाला होता.

"आई, एवढी नावं पाठ होती तुम्हाला?"

"मला वाचता कुठं येतंय गो? नावं मी कधी बघितलीच नाय. पाट बघते."

मी निमूटपणे पुस्तक घेतलं आणि माळ्याला शिडी लावली.

"ठेव खाली!" सासूबाई कडाडल्या. "गावाचे पाट पुसलेस, आता पास होऊनच दाखव. मला सहीपण येत नाय, तुझंसुद्धा तेच व्हायला हवं काय?" एवढं बोलून त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मग मीही पुन्हा रडून घेतलं.

निकाल लागला. पास! पाया पडून मी मार्कलिस्ट त्यांच्या हातात दिली. त्यांनी वरच्या ओळीवर हळूच बोट फिरवलं.

"ह्ये तुझं नाव?"

"हो, आई."

"कुणाचं पुसून नाय ना लिवलंस?"