आ-तीकचं बावीस अंशांचं पाणी

तैवानमधल्या चाओचौ गावात खांग आ-तीकला ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि त्याच्या घरी जायला कचरत नाही असाही नव्हता. घरी आलेल्याला आ-तीक चहाच्या आधी पाणी द्यायचा. प्यायला नव्हे, बघायला. मागच्या खोलीत साठ लिटरची काचेची टाकी होती. तिच्यासमोर पाहुण्याला स्टुलावर बसवून तो विचारायचा, “पाण्यात काय दिसतंय?”

“काही नाही.”

“तेच तर,” आ-तीक खूश होऊन म्हणायचा.

त्या काही-नाहीमध्ये त्रेचाळीस कोळंब्या राहत होत्या. नखाएवढ्या, लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या, आणि प्रत्येकीच्या शेपटीवर टिकलीएवढा लाल ठिपका. लाल-पांढऱ्या कोळंब्या तैवानभर पुष्कळजण पाळतात. ठिपका मात्र फक्त आ-तीककडे. साखर कारखान्यात वायरमन असताना एका पिल्लाच्या शेपटीवर त्याला तो पहिल्यांदा दिसला, आणि पुढची एकोणीस वर्षं त्याने त्या ठिपक्यामागे घालवली. त्याची बायको सिऊ-खीम म्हणायची, “एवढं माझ्या तोंडाकडे बघितलं असतंस, तर मी म्हातारी झालेय हे तुला कळलं तरी असतं.”

टाकीतलं पाणी म्हणजे त्या घरातली सासू. तिचं तापमान बावीस अंश, एक कमी नाही, एक जास्त नाही. बाहेर चौतीस असोत, पाणी थंड ठेवायला एक यंत्र अखंड घुरघुरायचं. नळाचं पाणी तिला चालायचं नाही. ते गाळून, त्यातले मूळचे क्षार काढून, मोजून नवे घालून सलाइनच्या नळीतून थेंबाथेंबाने सोडायचं. कोपऱ्यात एक काळा स्पंज होता. बुडबुडे वर जाताना पाणी त्याच्यातून ओढून न्यायचे, आणि स्पंजात राहणारे जंतू कोळंब्यांची घाण खाऊन टाकायचे. हवा थांबली की जंतू मरणार, जंतू मेले की पाणी कुजणार. सिऊ-खीमने एकदा तो स्पंज नळाखाली स्वच्छ धुऊन दोरीवर वाळत घातला होता. त्याला चौदा वर्षं झाली, तरी घरातल्या गोष्टी अजून ‘स्पंजाच्या आधी’ आणि ‘स्पंजानंतर’ अशाच मोजल्या जायच्या.

पूर्वी टाक्या अकरा होत्या. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गल्लीत डासांचं औषध फवारलं. ते हवेच्या पंपाने आत ओढलं आणि एका दुपारीत दहा टाक्या गेल्या. उरलेल्या त्रेचाळीसांत काहीही झालं तर ठिपका जगातून जाणार होता. म्हणून ताइचुंगची पेई-रोंग, त्याची एकुलती एक शिष्या, दर तीन महिन्यांनी फोन करायची.

“सर, निम्म्या मला द्या. दोन ठिकाणी असलेल्या बऱ्या.”

“देईन की. पाणी जरा स्थिर होऊ दे.”

हे दोन वर्षं चाललं होतं. या सप्टेंबरमध्ये अखेर तो तिला “रविवारी ये” म्हणाला. सिऊ-खीमने त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

आणि त्याच आठवड्यात, सोमवारी सकाळी, वॉर्डप्रमुख सिमचा भोंगा वाजला. “मंडळी, आपल्या गल्लीत डेंगीचा रुग्ण सापडलाय. बुधवारी नऊ वाजता घराघरांत फवारणी. कुंड्यांतलं पाणी ओता, भांडी झाका, माणसं बाहेर काढा. आ-तीक, ऐकतोयस ना? तुझ्यासाठीच दोनदा सांगतो.” आणि त्याने खरोखरच सगळं दोनदा सांगितलं.

आ-तीक चपला न घालता त्याच्या दारात पोचला.

“दादा, माझं घर सोडा.”

“डासाला सांग ना, आ-तीकचं घर सोड म्हणून.”

“त्रेचाळीसच राहिल्यात.”

सिमने त्याच्या अनवाणी पायांकडे बघितलं. मग म्हणाला, “तुझी मागची खोली तेवढी सोडतो. दार-खिडक्या टेप लावून बंद कर. आतून मुंगी बाहेर येता कामा नये.”

आ-तीकने मुंगीचाही विचार केला. दाराखालून विष शिरलं तर? पंप खोलीतलीच हवा ओढणार. पंप बंद ठेवावा तर स्पंज मरणार. मंगळवारी तो आणि सिऊ-खीम पंक्चरवाल्याकडून ट्रकच्या सहा जुन्या ट्यूबा घेऊन, त्या स्कूटरवर लादून थेट डोंगराच्या पायथ्याशी गेले. तिथल्या स्वच्छ हवेने, सायकलच्या पंपाने, दोघांनी आळीपाळीने ट्यूबा भरल्या.

“लग्नानंतर मला फिरायला कुठे नेलं, असं कुणी विचारलं तर काय सांगू?” सिऊ-खीमने घाम पुसत विचारलं.

“हवापालट म्हण.”

एका ट्यूबमध्ये दीड तासाची हवा, सहांत नऊ तासांची. नळ्या जोडून सगळ्या ट्यूबा स्पंजाला लावल्या; हवा मात्र बुधवारी निघताना, पंप बंद केल्यावरच सोडायची होती. सगळं चोख झालं. मग आ-तीकची नजर थंड करणाऱ्या यंत्राकडे गेली आणि त्याचा चेहरा उतरला.

यंत्रावर हिरवं पाकीट होतं. नारळाच्या चवीच्या खाऊचं. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून तैवानात बँकेपासून इस्पितळापर्यंत सगळेच ठेवतात तसलं. ते हिरवंच हवं, फोडलेलं नको, आणि त्याची तारीख उलटलेली नको. आ-तीकच्या पाकिटाची तारीख शनिवारीच उलटली होती.

“बघ. शनिवारी तारीख गेली, सोमवारी भोंगा वाजला. आणखी काय पुरावा हवा?”

सिऊ-खीम बाजारात जाऊन नवं पाकीट घेऊन आली. लहान संपली होती, म्हणून सणाला देतात तसलं उशीएवढं आणलं. आ-तीकला ते पटलं. संकट मोठं, तर पाकीटही मोठं. जुनं पाकीट यंत्राच्या कोपऱ्यात उभं राहायचं. हे उभं राहीना, म्हणून त्याने ते यंत्रावर आडवं ठेवलं आणि पडू नये म्हणून चारी बाजूंनी टेप लावली. अगदी लेकराला दुपट्यात गुंडाळावं तसं. यंत्राची गरम हवा जिथून बाहेर पडते ती वरची जाळी त्याच्याखाली पूर्ण झाकली गेली. यंत्रं दुरुस्त करण्यात तीस वर्षं घालवलेल्या माणसाला ते दिसलं नाही.

बुधवारी सगळी गल्ली देवळासमोर बसून शेंगा खात होती. आ-तीक दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होता. विष खाली बसेपर्यंत, म्हणजे सहा वाजेपर्यंत, दार उघडायचं नाही असा नियम त्यानेच केला होता, आणि स्वतःचा नियम त्याने कधी मोडला नव्हता.

सहा वाजता त्याने टेप काढली. आत विष नव्हतं. ट्यूबा मऊ पडल्या होत्या, पण बुडबुडे अजून येत होते. स्पंज जिवंत होता. खोलीत फक्त घुरघुर नव्हती. यंत्र स्वतःच्या उष्णतेने कधीच बंद पडलं होतं. पाण्यातला काटा बत्तीसवर होता. नऊ कोळंब्या तळाला आडव्या होत्या, बाकीच्या काचेच्या वरच्या कडेला गोळा झाल्या होत्या.

“बर्फ घालते,” सिऊ-खीम म्हणाली.

“नको. एकदम उतरलं तर धक्क्याने मरतील. अर्ध्या तासाला अर्धा अंश.”

“आत्ताच मरताहेत, आ-तीक.”

“अर्ध्या तासाला अर्धा,” तो म्हणाला. बर्फाची पिशवी धरून तो स्टुलावर बसला. बुडवायचा, काढायचा, काट्याकडे बघायचा. पाणी हळूहळू, नियमाप्रमाणे उतरलं. गुरुवारी अकरा उरल्या. अंडी धरलेल्या तिन्ही माद्या शुक्रवारी गेल्या. तो एकेक चिमट्याने काढून वहीत लिहायचा आणि पुन्हा पाणी तपासायचा.

रविवारी पेई-रोंग थर्मोकोलचा डबा घेऊन आली. आ-तीकने तिला स्टुलावर बसवलं. काय दिसतंय हे विचारलं नाही.

बराच वेळ शोधल्यावर तिला स्पंजाच्या मागे एक कोळंबी दिसली. शेपटीवर ठिपका होता.

“नर आहे,” आ-तीक म्हणाला. “म्हातारा. महिना-दोन महिने राहील.”

“मला द्या, सर. माझ्याकडे साध्या लाल माद्या आहेत. पिल्लांत नाही आला ठिपका, तर नातवंडांत येईल. निदान बघू तरी.”

आ-तीकने वही उघडून तिच्यापुढे धरली. बावीस अंश. घाण शून्य. क्षार जितके हवेत तितकेच. एकोणीस वर्षांत इतकं चांगलं पाणी कधी जमलं नव्हतं. घाण करायला कुणी उरलंच नव्हतं.

“प्रवास चार तासांचा आहे,” तो म्हणाला. “डब्यातलं पाणी हलणार. आत्ता कुठे इथलं जरा बसतंय.”

“सर, तो एकटाच आहे.”

“हो. पाणी जरा स्थिर होऊ दे.”

पेई-रोंगने वाद घातला नाही. ते वाक्य तिला पाठ होतं. ती मोकळा डबा उचलून दारापर्यंत आली, तेवढ्यात सिऊ-खीम आतून आली. यंत्रावरचं हिरवं पाकीट तिने टेपसकट सोलून काढलं होतं. डब्यात ते बरोबर मावलं.

“इतक्या लांबून आलीस, रिकाम्या हाताने कशी पाठवू?” सिऊ-खीम झाकण लावत म्हणाली. “तारीख पुढच्या एप्रिलपर्यंतची आहे.”

मागच्या खोलीत आ-तीकने एका जिवाला पुरेल तेवढा चिमूटभर खाऊ पाण्यात सोडला, आणि त्यातला निम्मा जाळीने परत काढून घेतला.