हातातली तार

दैवशालाबाई लग्नाच्या वरातीत डोक्यावर दिव्यांचं झुंबर घेऊन चालतात. बावीस वर्षं झाली. त्याच रांगेमागे मी जनरेटरचा गाडा ढकलतो, म्हणून मला हे माहीत. लिहायची सवय नाही. काही राहून जाईल.

आठ बाया एकीमागे एक चालतात. गाड्यातून निघालेली तार एका झुंबरातून पुढच्या झुंबरात, अशी पहिल्या बाईपर्यंत जाते. कुणी दोन पावलं जास्त टाकली की जोड निसटतो आणि तिथून पुढचे सगळे दिवे जातात. गेल्या हंगामात असं तीनदा झालं. मालक भुजंग शिट्टीवर थांबवायचा आणि चालवायचा, पण डीजेपुढे शिट्टी कुणाला ऐकू येणार.

दैवशालाबाईंना मोतीबिंदू झालाय. जुन्या जालन्यातल्या एका वरातीआधी भुजंग म्हणाला, "मावशी, तुम्हाला दिसून न्हाई राह्यलं. आज दिवे गेले तर उद्यापासून घरी बसा."

"बसन की," त्या म्हणाल्या आणि बायांकडे वळल्या. "एका हातात मागची तार धरायची. ताणली की थांबायचं, ढिली पडली की चालायचं. नवरदेवाकडं बघायचं न्हाई."

सगळ्यात पुढे चालणाऱ्या रेणुकानं विचारलं, "अन् घोडी पुढं निघून गेली तर?"

"जाऊ दे. तिला तार न्हाई."

अरुंद गल्लीत माझ्या गाड्याचं चाक नालीत गेलं. चूक माझीच, मी घोडीकडे बघत होतो. ओरडलो, कुणाला ऐकू आलं नाही. पुढे भुजंगनं 'चला'ची शिट्टी वाजवली.

माझ्या लगेच पुढे दैवशालाबाई होत्या. हातातली तार ताणली, त्या थांबल्या. मग त्यांच्या पुढची थांबली, मग तिच्या पुढची. असं करत रेणुकाही थांबली. आठही झुंबरं पेटलेली. वरात मात्र पुढे गेली. गल्लीतली लाइट गेलेली होती. तीस-चाळीस पावलांवर नवरदेव दिसेना, तेव्हा वरात उजेडाकडे परत आली.

नवरदेवाचे मामा रामराव म्हणाले, "उजेड इथं कामून थांबवला?"

"मी न्हाई थांबवला," भुजंग म्हणाला आणि बायांकडे बघू लागला.

"तार ताणली," दैवशालाबाई म्हणाल्या.

वरातीतल्या दोघांनी गाडा नालीतून उचलून दिला. तार ढिली पडली. बाया चालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी त्या नेहमीच्या जागी उभ्या होत्या. भुजंगनं गळ्यातली शिट्टी काढून त्यांना दिली.

"मला वाजवता येत न्हाई," त्या म्हणाल्या.

"असू द्या."

आता त्या शिट्टीच्या दोरीत त्यांच्या घराची किल्ली असते.