जॅमच्या बरणीतलं उटणं

मिक्सरचं छोटं भांडं मी धुतलं नव्हतं, नुसतं पुसलं होतं. हे आधीच कबूल केलेलं बरं. कारण पुढे जे घडलं त्यात मसूर डाळीचा, संत्र्याच्या सालीचा किंवा समोरच्या घरातल्या नवरीचा काहीच दोष नव्हता.

तेव्हा आम्ही आयर्लंडमध्ये, नावन नावाच्या गावात राहायचो. मी रोज गाडीने डब्लिनला जाऊन सॉफ्टवेअर लिहायचो. बायको आधी पुण्यात शाळेत केमिस्ट्री शिकवायची. इथे माझ्या व्हिसाच्या शेपटाला धरून आली, त्यामुळे तिला नोकरीची परवानगी नव्हती. आमच्या आख्ख्या वसाहतीत ती 'त्या इंडियन माणसाची बायको'. याचा तिला राग यायचा, आणि तो संध्याकाळी गरम गरम मलाच वाढला जायचा.

दिवाळीत तिने समोरच्या बाईंना घरचं उटणं दिलं, जॅमच्या रिकाम्या बरणीत भरून. महिन्याभराने बाई दारात उभ्या. स्वतःचे हात पुढे करून म्हणाल्या, बघ किती मऊ झालेत. त्यांच्या मुलीचं शनिवारी लग्न होतं. नवरीला आणि तिच्या पाच मैत्रिणींना असल्या सहा बरण्या मिळतील का? बाईंनी हे विचारलं ते माझ्या बायकोला, तिच्या नावाने. मी शेजारीच उभा होतो, पण माझ्याकडे कुणी बघितलंही नाही.

त्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघराची प्रयोगशाळा झाली. रेडिएटरवर संत्र्याच्या साली वाळत पडल्या. मसूर डाळ निवडली गेली. चण्याच्या पिठाऐवजी ओट्स घालायचे असं ठरलं, कारण इकडच्या कातडीला ते सोसतात. हळद चिमटीच्याही अर्धी. "नवरी पांढऱ्या ड्रेसमध्ये उभी राहणार आहे," ती म्हणाली, "पिवळी करून पाठवली तर मला हे गाव सोडावं लागेल."

गुरुवारी संध्याकाळी नवरीच्या मैत्रिणी समोरच्या घरी जमणार होत्या. मी मदतीला म्हणून सुट्टी घेतली होती. आमच्या मुलीला शाळेतून आणायला निघताना बायको दारातून ओरडली, "अहो, दळायच्या आधी भांडं स्वच्छ धुऊन घ्या. आणि भरायच्या आधी हातावर लावून बघा."

आदल्या दिवशी मी त्याच भांड्यात सुक्या मिरच्या वाटल्या होत्या. भांडं धुवायचं म्हणजे ते वाळायची वाट बघणं आलं. मी किचन रोलने तीनदा पुसलं. भांडं चकचकीत दिसलं, मग त्यातच सगळं दळलं. राहिलं हातावर लावून बघणं. इतकी वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेला माणूस टेस्टिंग कधी वगळतो? वेळ कमी उरला की. संत्र्याचा वास छान येत होता. मी सहाही बरण्या भरून टाकल्या.

"लावून बघितलंत?" तिने आल्या आल्या विचारलं.

"बघितलं की."

तिने बरण्यांना रिबिनी बांधल्या, केस नीट केले आणि बरण्या स्वतः पोचवून आली. इतकी खूश मी तिला आयर्लंडमध्ये पहिल्यांदाच बघत होतो.

भांड्याच्या तळाशी चमचाभर उटणं उरलं होतं. म्हटलं, आपणही जरा उजळून घेऊ. दुधात कालवून तोंडभर चोळलं. अर्धं मिनिट काही नाही. मग कानापासून नाकापर्यंत सगळं एकदम पेटलं. मी दह्याचा डबाच तोंडावर उपडा केला.

"डॅड, यू लुक अ‍ॅबसोल्युटली मेंटल," मुलगी म्हणाली.

बायकोने माझ्याकडे बघितलं, मग भांड्याकडे, मग खिडकीतून समोरच्या घराकडे. मी तसाच, तोंडाला दही थापलेला, रस्ता ओलांडून धावलो.

दार बाईंनीच उघडलं. आत नवरी बाह्या वर करून बसली होती, झाकण उघडलेली बरणी हातात. "स्टॉप!" मी ओरडलो. "चिली! माय मिस्टेक! नॉट माय वाइफ!" तिने बरणी टेबलावर अशी ठेवली, जणू आत पाल होती.

बरण्या गोळा करताना लक्षात आलं, पाचच आहेत. सहावी बाईंच्या नवऱ्याने नेली होती. हे आखडलेल्या गुडघ्याचं औषध आहे असं समजून ते आतल्या खोलीत बसून चोळत होते. गुडघा लालबुंद, चेहरा प्रसन्न. "ग्रँड स्टफ," ते म्हणाले, आणि बरणी द्यायला चक्क नकार दिला.

घरी आलो तर बायकोने भांडं उकळत्या पाण्यात बुडवलं होतं. सगळं तिने पुन्हा दळलं, आधी स्वतःच्या हातावर लावलं, मग मानेवर, आणि पूर्ण पंधरा मिनिटं घड्याळ बघत बसली. मला स्वयंपाकघरात पाय ठेवायला बंदी. मग नव्या सहा बरण्या घेऊन ती एकटीच गेली.

तासाभराने परत आली. मी विचारायला घाबरत होतो.

"चिडल्या का गं?"

"नाही. शनिवारी सकाळी नवरीला लावून द्यायला मलाच बोलावलंय. आणि चर्चलाही."

"आणि मला?"

"तुम्हालाही म्हणत होत्या," बायको कोट काढत म्हणाली. "मी सांगितलं, त्यांना जमायचं नाही."