सहा जागा

कृत्रिम गवताची मैदानं तपासण्यात त्याची बावीस वर्षं गेली होती. वीस किलोचं वजन गवतावर सोडायचं आणि मैदान हादरा किती शोषतं ते यंत्रावर वाचायचं. वजन कुठं सोडायचं त्या सहा जागा नियमात ठरलेल्या होत्या, आणि ठेकेदारालाही त्या तोंडपाठ होत्या.

मुलीच्या शाळेचं मैदान सहाही जागी पास झालं. पण मैदान मऊ राहावं म्हणून गवतात पसरतात ते रबराचे दाणे नेमके त्या सहा जागीच जरा जास्त दिसत होते. म्हणून त्याने गोलच्या तोंडाशी, जिथे त्याची मुलगी गोल अडवायला उभी राहायची, तिथंही वजन सोडून पाहिलं. आकडा थेट फरशीचा वाटावा असा आला.

त्याने कळवलं तेव्हा त्याचे साहेब फोनवर म्हणाले, "सातवी जागा कुठल्या नियमात आहे? नसता ताप कशाला? सहाचंच लिहा."

त्याने दाखल्यावर सहाचंच लिहिलं, सही केली आणि तो शाळेत देऊन टाकला.

घरी येऊन मुलीला म्हणाला, "उद्या खेळायला जाऊ नकोस. मैदान कडक आहे."

"बाबा, उद्या संघाची निवड आहे. आणि सरांनी तुमचा दाखला आम्हाला वाचून दाखवलाय."

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "आपली तेवढी घरी बसवा. तिच्या जागी जी उभी राहील तिच्या बापाला काय सांगणार आहात?"



"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," मुलगी म्हणाली, आणि हातमोजे पिशवीत भरू लागली. तिला अडवायला त्याला तोंड उरलं नव्हतं.