दुधाच्या पासावरचं आडनाव

माझं आडनाव माझं न्हाई. ते माझ्या आज्ज्यानं शेळीच्या दुधावर मिळवलं.

मी शाळेत ग्येलो न्हाई असं न्हाई. तिथं शेरडं बांधाय सावली चांगली व्हती. पर आत काय शिकीवत्यात ते बघायचं ऱ्हाऊन ग्येलं, त्यामुळं आडनाव-बिडनाव ह्या गोष्टीचा मी कवा इचार केला न्हाई. लोक 'म्हादू कोजारे' म्हणत्यात, मी 'व्हय' म्हणतो. आमच्या सांगली-साताऱ्याकडं पाटील, माने, शिंदे, धोंडा भिरकावला तर एकाला तरी लागतोय. कोजारे फकस्त आमी. आमी म्हंजी मी, बायकू शालन आन् लेक सुनी. (कुत्रं धरलं तर चार.)

ह्याचं कारण असं. मोठ्या लढाईच्या वख्ताला पोलंड देशाची बायापोरं आसऱ्याला आणून कोल्हापूरच्या बाजूला छावणीत ठेवली व्हती. माझा आज्जा बिरू बिऱ्हाड घिऊन शेरडामागं चारा हुडकत तिथवर ग्येला आन् एका घरला दूध घालाय लागला. दारावर अडवू ने म्हणून छावणीवाल्यांनी त्याला पास दिला. पासावर आज्ज्याचं नाव घालायचं कुणाच्या डोस्क्यात आलं न्हाई. ज्या घरला दूध जायाचं त्या घराचं घातलं: कोजारेक.

छावणी उठली, आज्जा गावाकडं आला. पुढं माझा बा शाळेत घालायचा झाला, तवा मास्तर म्हणला, "बिरू, आडनावाचा कायतरी कागद आण." घरात कागद एकच. आज्ज्यानं पास फुडं केला. मास्तरनं चष्मा वर केला, खाली केला आन् लिवून टाकलं, कोजारेक. आज्जा खूश. शिक्का व्हता ना कागदावर! शिक्क्याचं खोटं कसं असंल? आमचं आदूगरचं आडनाव काय व्हतं ते आज्ज्यालाच ठावं, आन् त्यानं ते कुणाला सांगिटलं न्हाई, कारण कुणी ईचारलंच न्हाई.

तवापासनं कागदावर कोजारेक, तोंडात कोजारे. इंग्रजीत लिवायचं तर पासावरची अक्षरं हाय तशी उतरून काढायची, ही आमच्या घराची रीत. तीन पिढ्या कुणाचं काय अडलं न्हाई.

अडलं सुनीच्या लग्नात.

सुनी मिरजेला दवाखान्यात नर्स हाय. तिला बघाय विट्याचं पाव्हणं आलं. मुलाचा बाप तात्या. त्येंचं तिकडं मद्रासच्या बाजूला सोनं गाळायचं दुकान. माणूस असा की समोरच्याकडं बघतानाबी कस लावल्यागत बघतो. पोरगं चांगलं व्हतं. सुनीला पसंत, मला पसंत, कुत्रंबी भुंकलं न्हाई. च्या झाला, आन् तात्यांनी ईचारलं,

"पाव्हणं, कोजारे म्हंजी मूळ कुठलं? तुमची भावकी कुठाय?"

आता गप बसावं का न्हाई? पर माझ्या तोंडाला येसण कुठाय. म्हणलं, "भावकी लय मोठी, तात्या. पार समुद्राच्या पल्याड पसरलीया."

तात्या हसलं न्हाईत. म्हणलं, "मग सुपारीला त्यातला एक तरी माणूस बसवा. भावकी न्हाई त्या घरात आमी सोयरीक करत न्हाई. उद्या काय बरं-वाईट झालं तर बोलायचं कुणासंगं?"

पाव्हणं ग्येलं आन् शालन भायेर आली. "आवं, समुद्रापल्याडचा कोण आणताय आता? मासा?"

दोन दिस सुनीनं माझ्या ताटात भाजी पातळ वाढली. शेवटी मी शेजारच्या गणपा मान्याला धरलं. म्हणलं, "गणपा, सुपारीदिशी माझा चुलता हो. नुस्तं बसायचं, मान हालवायची. कुणी ईचारलं तर म्हणायचं कोजारे."

"मी तुझ्यापरीस बारका हाय, म्हादा."

"फेटा बांध. वय वाढतं."

हे जुळतंय तवर मिरजेवरनं सुनीचा फोन. "आबा, पोलंडवरनं एका बाईचा मेसेज आलाय. तिचं आडनावबी कोजारेक. जगात लय कमी घरं हायत म्हणं ह्या नावाची. ती सगळ्यास्नी हुडकत फिरतीया. भारतात एकच घर घावलं, आपलं. पुढच्या आठवड्यात येतीया."

माझ्या हातातली भाकरी खाली पडली. कुत्र्यानं उचलली. त्याला कशाचं भ्या? त्याला आडनाव न्हाई.

"कशाला येती?"

"भेटाय."

"भेटाय कोण येतं गं? भावकी भेटाय येती तवा काखंत सातबारा असतो."

शालन मागनं म्हणली, "आपल्या तीन एकरात दोन एकर खडक हाय. खडक न्ह्या म्हणावं."

पर मला जमिनीपरीस दुसरंच भ्या. बाई आली, तिनं ईचारलं तुमी कंच्या शाखंचं, तर काय सांगू? शेळीच्या? आन् ते तात्यांच्या कानावर ग्येलं तर? आडनाव उसनं, चुलता उसना, आन् ह्या घरची पोरगी करायची? मी सुनीला सांगिटलं, "रविवारी सुपारी हाय. तिला म्हणावं सोमवारी ये. आदूगर पाऊल टाकू नगं."

आन् पेटीतला पास काढला. म्हणलं, घरात कुठं ठेवला तर कुणाच्या तरी हाताला लागंल. फाडावा तर आज्ज्याची आठवण, काळीज हुईना. मग लय इचार करून (माझा इचार म्हंजी असाच असतोय) फेट्याच्या घडीत खवला. डोस्क्यावर असला की नजरंआड हुणार न्हाई!

रविवारी अकराच्या सुमाराला तात्यांची गाडी दारात हुबी ऱ्हायली. तात्या उतरलं, मुलगा उतरला, दोन पाव्हणं उतरलं. आन् त्येंच्या मागनं एक गोरीपान, उंच, पन्नाशीची बाई उतरली. पाठीवर पिशवी, हातात कागदाची गुंडाळी.

तात्या म्हणलं, "फाट्यावर उन्हात हुबी व्हती. 'कोजारेक, कोजारेक' म्हणून रिक्षावाल्याला कागद दावत व्हती. म्हणलं तुमचीच पाव्हणी दिसती, बसा."

सुनी माझ्या कानाशी आली. "आबा, मी सोमवार सांगिटलेला. ती एक दिस आदूगर मिरजंत उतरली, ऱ्हाववंना म्हणून निघाली म्हणं."

"ही कोण?" तात्यांनी ईचारलं.

"हळदवाली," मी म्हणलं. "सांगलीच्या पेठंत हळद घ्याय येती. मोठी व्यापारी."

"आसं? मग आख्ख्या वाटंत हळदीचं नाव न्हाई काढलं. तुमचंच काढलं."

"व्यापारी लोक भाव फोडत न्हाईत, तात्या."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. कस लावला. मी फेटा सावरला.

सगळी सतरंजीवर बसली. मधी पाट, पाटावर सुपारी, हळदकुंकू. गणपा फेटा बांधून माझ्या शेजारी, 'ह्यो माझा चुलता' म्हणून सांगिटलेला, चुलत्यासारखं तोंड करून. आन् हळदवालीनं काय करावं? गुंडाळी उलगाडली आन् पाटाम्होरं पसरली. आख्ख्या जगाचा नकाशा. त्यावर तांबडं ठिपकं.

सुनीला तिचं इंग्रजी मराठीत सांगावंच लागलं. बाई बोट ठेवत ग्येली. हे डोंगरातलं एक खेडं, सगळं नाव हितनं निघालं. ह्यातली काही जमीन मिळती म्हणून ब्राझीलला ग्येली. काही अमेरिकेत कोळशाच्या खाणीत. लढाई झाल्यावर मागं फिराय घर उरलं न्हाई ती इंग्लंडात, ऑस्ट्रेलियात. प्रत्येक ठिपक्याला ती पत्र लिवती, अर्धी लोकं उत्तरच देत न्हाईत. मग तिचं बोट समुद्रावरनं सरकत सरकत आलं आन् सांगलीच्या बाजूला टेकलं. एकच ठिपका. माझा.

तात्या वाकून बघाय लागलं. "हळदीचं गिऱ्हाईक हायत व्हय ही?"

मी 'व्हय' म्हणाय तोंड उघडलं, तवर बाई गणपाकडं वळली. दोन्ही हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून ईचारलं, "कोजारेक?"

गणपानं उभ्या जन्मात गोरी बाई एवढ्या जवळनं बघितली नव्हती. तो मागं सरकला. "न्हाई बाई," म्हणला, "मी माने. मला ह्यानं जेवाय बोलीवलंय."

तात्यांनी च्याची कपबशी खाली ठेवली.

तात्या हळूच म्हणलं, "तुमी ह्याला चुलता म्हणला व्हता न्हवं?"

मी म्हणलं आता पाय धरावं. म्हणून वाकलो. आन् फेट्याच्या घडीतनं पास निसटला, भिरभिरत ग्येला आन् बरुबर नकाशावर पडला. (फेटा मीच बांधला व्हता. शालन म्हणत व्हती, मी बांधती. ऐकलं न्हाई.)

तात्यांनी पास उचलला. दोन बोटांत धरला, उजेडाला धरला, अंगठ्यानं घासला. मग सुनीकडं दिला. "वाच, पोरी."

सुनीनं माझ्याकडं बघितलं. तिची नजर मला अजून आठवती. राग नव्हता. ती पोरगी भ्यालेली व्हती, आन् मी तिचा बाप असून तिच्यापरीस जास्त भ्यालेलो. तिनं वाचलं. "कोजारेक यांच्या घरी. शेळीचं दूध. रोज सकाळी." मग म्हणली, "आबा, आता सांगून टाका."

सांगिटलं. पास, मास्तर, शिक्का, समदं. एकदा सुटलो तसा थांबलोच न्हाई. भाकरी कुत्र्यानं खाल्ली तेबी सांगिटलं. ते कुणी ईचारलं नव्हतं.

सुनी एकेक वाक्य बाईला इंग्रजीत सांगत व्हती. मी बाईकडं बघत नव्हतो. एवढ्या लांबनं आली, आन् जगातला तिचा एक ठिपका मी पुसला. तात्यांकडंबी बघत नव्हतो. सुपारीकडं बघत व्हतो. म्हणलं, ही काय आता फुटत न्हाई.

बाई उठली. पिशवीतनं एक जुना फोटू काढला आन् पासाशेजारी ठेवला. फोटूत एक शेळी. बाजूला धोतरातलं दोन पाय. फोटू काढणाऱ्यानं शेळी पुरी घेतलेली, माणूस कंबरंपस्तोर. मागं एक तान्हं पोर घिऊन गोरी बाई.

सुनी आडखळत सांगाय लागली. "आबा, ते तान्हं पोर म्हंजी ह्येंचा बाप. आजारी व्हता. गाईचं दूध पचत नव्हतं. ह्या शेळीवर जगला म्हणत्यात. तिचा धनी कोण ते घरात कुणालाच ठावं नव्हतं. आन् कोजारेक म्हंजी त्येंच्या भाषंत शेरडं राखणारा."

मी फोटू हातात घेतला. त्या पायांतलं पायताण मी वळखलं. आमच्या घरात ते लय वरसं खुंटीला व्हतं.

मग तात्या खाकरलं. "पाव्हणं, तुमचा बा त्या टायमाला केवढा?"

"तान्हाच. आज्जी सांगायची, तिला दूध नव्हतं, तोबी शेळीवरच वाढला."

"ह्याच शेळीच्या दुधावर?"

"आज्ज्याकडं दुभती तेवढी एकच व्हती."

तात्यांनी बोटावर हिशेब केल्यागत केलं. "म्हंजी तुमचा बा आन् ह्या बाईचा बा, एका दुधाचं."

"व्हय."

"एका दुधाचं म्हंजी भाऊ. मग ही तुमची चुलत भन. झाली की भावकी. समुद्रापल्याडचीच हाय, तुमी खोटं कुठं बोलला?"

तात्या पुढं म्हणलं, "सोनं गाळाय येतं तवा ते कुठनं आलं ते आमी ईचारत न्हाई. आटीवल्यावर काय ऱ्हातंय तेवढं बघतो." (हे त्येंनी पोलिसाफुडं म्हणू ने.) "तुमी आटलं पाव्हणं, आत्ता आमच्या डोळ्यांदेखत. पर परत चुलता भाड्यानं आणू नगा."

"भाड्यानं न्हाई," गणपा म्हणला. "मटणावर."

बाईला पाटावर बसीवलं. शालननं तिच्या डोस्क्यावर पदर दिला, कुंकू लावलं. मुलीकडची सुपारी भावकीनं फोडायची, तर बाईनं आडकित्ता हातात धरला आन् पयल्याच दणक्याला अर्धी सुपारी तात्यांच्या च्यात घातली. सुनी हसली. तीन आठवड्यांत पयल्यांदा.

लग्न झालं. सुनी आता तिकडं मद्रासच्या बाजूला सुखात हाय.

बाईनं परवा एक पुस्तक पाठीवलं. जगभरातल्या सगळ्या कोजारेक लोकांची वंशावळ, फोटूसकट. आमचं पान शेवटाला. आज्ज्याचं तोंड कुठल्याच फोटूत न्हाई, मग तिनं सगळ्यात वर शेळीचा फोटू छापलाय, खाली रेघ वढलीया, आन् रेघंखाली मी.

मी ते पान गावात सगळ्यास्नी दावत फिरतो. बघणारा आदूगर वर बघतो, मग खाली बघतो, मग म्हणतो, "म्हादा, मास्तरनं काय चूक केली न्हाई बघ. तोंडावळा बरुबर जुळतोय."